आधी ओलावा लिहा, मग ताकद : लाकडाच्या चाचण्यांवरचे वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या पत्रांचा विषय एकच आहे : लाकडात पाणी किती आणि जोर किती, हे मोजायचं कसं. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि भाषा थोडी आवरली आहे. उत्तरं मात्र आकड्यांनिशी दिली आहेत, कारण या कामात ‘साधारण’ म्हणून सोडून दिलेली गोष्टच पुढे नडते.

प्रश्न : एकाच तुकड्याचा ओलावा मी १८ टक्के काढला आणि मित्राने १५ टक्के. वजनं दोघांनीही तीच घेतली. चुकलं कोण?

वजाबाकी दोघांची बरोबर आहे, भागाकार वेगळा आहे. समजा तुकडा सुकवण्याआधी ४८.६ ग्रॅम होता आणि पूर्ण कोरडा झाल्यावर ४१.२ ग्रॅम भरला. पाणी गेलं ७.४ ग्रॅम. ते ४१.२ने भागलं तर १८ टक्के येतात, ४८.६ने भागलं तर १५.२ टक्के. सुतारकाम, बांधकाम आणि लाकडाच्या चाचण्या यांत ओलावा नेहमी कोरड्या वजनाच्या तुलनेत सांगतात, म्हणून तुमचा आकडा धरायचा. जळाऊ लाकूड आणि भुसा यांच्या व्यवहारात मात्र ओल्या वजनाने भागण्याची रीत आहे. त्यामुळे कुणी आकडा सांगितला की आधी ‘कशाने भागलं?’ हे विचारून घ्यावं.

कोरड्या वजनाने भागत असल्यामुळेच ताज्या तोडलेल्या हलक्या लाकडाचा ओलावा १०० टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. एका वाचकाला ११० टक्के आले म्हणून काटा बिघडल्याची शंका आली होती. तसं काही नाही, त्या तुकड्यात लाकडापेक्षा पाणी जास्त वजनाचं होतं, इतकंच.

लाकडातलं पाणी दोन जागी असतं. पेशींच्या पोकळीत भरलेलं मोकळं पाणी आधी निघून जातं आणि पेशींच्या भिंतींत धरलेलं पाणी नंतर. पोकळ्या रिकाम्या झाल्या पण भिंती अजून भिजलेल्या आहेत, ही अवस्था बहुतेक जातींत २८ ते ३० टक्क्यांच्या आसपास येते. तिला तंतू-संपृक्तता बिंदू म्हणतात. त्याच्या वर ओलावा ११०चा ६० झाला तरी फरक फक्त वजनात पडतो. लाकूड आखडायला आणि त्याची ताकद वाढायला सुरुवात होते ती या बिंदूच्या खाली.

प्रश्न : ओव्हनमध्ये तुकडा नेमका किती तास ठेवायचा? कुणी ८ तास सांगतं, कुणी २४.

तास मोजून थांबायचं नाही, वजन थांबलं की थांबायचं. युरोपीय पद्धतीत दोन तासांच्या अंतराने केलेल्या दोन वजनांतला फरक ०.१ टक्क्यापेक्षा कमी झाला की तुकडा कोरडा झाला असं मानतात. तंतूंच्या दिशेने २५ मिमी जाडीच्या चकतीला बहुधा एक दिवस पुरतो. जड, घट्ट लाकूड याहून जास्त वेळ घेतं.

तुकडा कुठून कापला यावर अर्धं काम ठरतं. फळीच्या टोकाजवळून कधीही कापू नका. तंतूंच्या दिशेने पाणी आडव्या दिशेपेक्षा कितीतरी वेगाने बाहेर पडतं, म्हणून टोकं आधी सुकतात आणि आकडा खोटा कमी येतो. टोकापासून निदान ३०० मिमी आत जा, फळीची पूर्ण रुंदी आणि पूर्ण जाडी मिळेल अशी २० ते २५ मिमीची चकती कापा. गाठ, साल, राळेचा कप्पा त्यात नको. कडांवरचे कुसळ आणि भुसा झटका आणि लगेच वजन करा. लगेच जमणार नसेल तर चकती हवा दाबून काढलेल्या प्लॅस्टिक पिशवीत बंद ठेवा. धारदार करवत वापरा. बोथट पात्याने कापताना लाकूड तापतं आणि तिथलं पाणी काट्यावर जाण्याआधीच उडतं.

५० ग्रॅमच्या तुकड्यासाठी काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा असावा. ओव्हन १०३ अंश सेल्सिअसवर, दोन अंश खालीवर चालेल. आत पंखा आणि वाफ जायला झरोका हवा. तुकडे एकमेकांना चिकटवून रचू नका. एक वाईट सवय तर सर्रास चालते : निम्मे तुकडे सुकत आले असताना मध्येच ओले तुकडे आत सरकवायचे. ओल्यांची वाफ सुकलेले तुकडे शोषून घेतात आणि सगळ्यांचंच वजन हलायला लागतं.

बाहेर काढल्यावर तुकडा सिलिका जेल असलेल्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, थंड करून मग काट्यावर ठेवा. गरम तुकड्याभोवतीची हवा वर चढते आणि काटा कमी दाखवतो. उघड्यावर थंड केला तर कोरडं लाकूड हवेतला दमटपणा पुन्हा ओढून घेतं.

घरच्या ओव्हनचा थर्मोस्टॅट बराच हेलकावतो, म्हणून आत वेगळा थर्मामीटर ठेवावा. तापमान फार वर गेलं तर लाकूडच विघटित होऊ लागतं आणि ते घटलेलं वजन आपण पाण्याच्या खात्यात टाकतो. तुकडा तपकिरी झाला किंवा जळका वास आला तर ती चाचणी रद्द समजा. मायक्रोवेव्हमध्येही हाच धोका आहे : कमी शक्तीवर, थोड्या थोड्या वेळाने वजन करत काम होतं, पण लक्ष हटलं की तुकडा आतून काळा पडतो आणि बाहेरून ते कळत नाही.

राळ असलेल्या पाइनसारख्या लाकडात टर्पेंटाइनसारखे उडणारे पदार्थ पाण्याबरोबर जातात, म्हणून ओव्हन ओलावा जास्त दाखवतो. वाळवीविरोधी क्षार भरलेल्या लाकडात उलटं होतं. क्षार मागे राहतात, कोरडं वजन फुगतं आणि टक्केवारी कमी येते.

या एका चकतीवरून अख्ख्या फळीवर नजर ठेवता येते, ही युक्ती फारजण वापरत नाहीत. चकतीचा ओलावा १८ टक्के आला आणि चकती कापताक्षणी उरलेल्या फळीचं वजन ९.४४ किलो भरलं, तर फळीचं कोरडं वजन ९.४४ भागिले १.१८, म्हणजे ८ किलो. १२ टक्क्यांवर ती ८.९६ किलो भरली पाहिजे. फळीच्या कापलेल्या टोकाला रंग फासा, फळी बाकीच्या थप्पीत ठेवा आणि मधूनमधून तोला. तिचं वजन ८.९६ किलोवर आलं की तिच्यासोबतची, तेवढीच ओली असलेली थप्पीही तिथे पोचली आहे. पुन्हा ओव्हन लावायला नको.

प्रश्न : माझ्याकडे पिनांचा मॉइश्चर मीटर आहे, शेजारच्या वर्कशॉपमध्ये बिनपिनांचा. एकाच फळीवर एक ९ दाखवतो, दुसरा १३. विश्वास कुणावर ठेवायचा?

आधी दोन्ही मीटर काय मोजतात ते पाहू. ओलावा यांपैकी कुणीच थेट मोजत नाही. पिनांचा मीटर दोन टोकांमधला विद्युतरोध मोजतो. बिनपिनांचा आपल्या पट्टीखालच्या लाकडाचा विद्युतक्षेत्रावर होणारा परिणाम मोजतो आणि त्यात पाण्याबरोबर लाकडाची घनताही मिसळलेली असते. दोघेही आतल्या तक्त्यावरून टक्केवारी ‘अंदाजतात’. चांगल्या वापरात दोन टक्के इकडेतिकडे चालतं, तुमच्यासारखा चार टक्क्यांचा फरक बहुधा सेटिंगमधून येतो.

पिनांच्या मीटरचा भरवसा साधारण ७ ते २५ टक्क्यांच्या पट्ट्यात धरावा. त्याखाली रोध इतका प्रचंड होतो की साधा मीटर तो पकडू शकत नाही, आणि तंतू-संपृक्ततेच्या वर रोध फारसा बदलतच नाही. म्हणून ओल्या लाकडावर ‘४२ टक्के’ असा आकडा दिसला तर ‘३०च्या वर, ओलं’ एवढंच वाचा.

मीटर कोणत्या जातीवर बेतलेला आहे ते त्याच्या पुस्तिकेत असतं, बऱ्याच मीटरांत ती डग्लस फर असते. जातीचा खटका असेल तर तो बदला, नसेल तर दुरुस्तीचा तक्ता वापरा. तापमानही बघा. बहुतेक तक्ते २० अंशांसाठी असतात. लाकूड त्याहून १० अंशांनी तापलेलं असेल तर मीटर सुमारे एक टक्का जास्त दाखवतो, गार असेल तर तितकाच कमी. उन्हात पडलेल्या फळीवर थेट पिना रोवू नका.

पिन किती खोल जाते, हा मुद्दा सगळ्यात जास्त फसवतो. साध्या उघड्या पिनांत वीज कमी रोधाची वाट धरते, म्हणजे पिनांना लागलेला सर्वांत ओला थरच आकडा ठरवतो. फळीवर पहाटेचं दव असेल तर आतून १० टक्के असलेली फळी १८ दाखवेल. यासाठी फक्त टोक उघडं आणि बाकी अंगावर विद्युतरोधक थर असलेल्या पिना मिळतात, त्या हातोडीसारख्या दांड्याने ठोकायच्या. जाडीच्या ०.३ पट खोलीवर सरासरी ओलावा मिळतो, असं युरोपीय पद्धत मानते. ४० मिमी फळीत ती खोली १२ मिमी होते. आणखी खोल गेलात तर गाभा किती मागे राहिला आहे तेही कळतं. दोन पिनांची जोडी मीटरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या दिशेनेच रोवा, बहुधा ती तंतूंच्या समांतर असते. आडव्या दिशेत रोध जास्त असतो, म्हणून आकडा कमी येतो.

प्लायवूडमध्ये पिन सरसाच्या थरात गेली, किंवा लाकडात क्षारांचं संरक्षक औषध असलं, की रोध घसरतो आणि मीटर भलताच ओलावा सांगतो. अशा मालावर ओव्हनच खरा.

बिनपिनांच्या मीटरखाली फळी पातळ असेल तर तो खालचं टेबलही मोजतो. टेबल लोखंडी असेल तर विचारूच नका. फळी दोन पट्ट्यांवर अधांतरी ठेवा, मीटर सपाट रंधलेल्या भागावर दाबा, खाली हात धरू नका. घनतेचा आकडा आपल्या लाकडाप्रमाणे भरा. जड लाकडावर हलक्या लाकडाचं सेटिंग राहिलं तर तीन-चार टक्के सहज वाढतात. तुमच्या बाबतीत आमचा पहिला संशय यावरच आहे.

वाद मिटवायचा तर त्याच फळीवर एका जागी दोन्ही मीटरांनी पाच-पाच वाचनं घ्या, तीच जागा कापून ओव्हनला लावा. असं पाच-सहा फळ्यांवर केलंत की आपल्या मीटरची त्या जातीपुरती चूक कळते. ती चिठ्ठीवर लिहून मीटरलाच चिकटवा.

प्रश्न : भट्टीत सुकवलेली ५० मिमी फळी मीटरवर १० टक्के होती. मधून उभी चिरून दोन पातळ फळ्या केल्या तर दोन्ही लगेच वाकल्या. मीटर खोटा का?

मीटर खरा असू शकतो. फळीत ओलावा समान होता पण ताण अडकलेला होता. भट्टीत बाहेरचा थर आधी सुकतो, आखडू पाहतो, आतलं ओलं लाकूड त्याला आखडू देत नाही, आणि तो ताणलेल्या अवस्थेतच घट्ट होतो. पुढे गाभा सुकून आखडायला लागतो तेव्हा ताणून बसलेलं कवच त्याला अडवतं. शेवटी कवच दाबात आणि गाभा ताणात राहतो. चिरलंत की हे संतुलन मोडतं. इंग्रजीतला ‘केस हार्डनिंग’ हा शब्द दिशाभूल करतो, कारण कवच काही कडक झालेलं नसतं.

हे आधी ओळखायला काट्याची चाचणी आहे. फळीच्या टोकापासून बरंच आतून, तंतूंच्या दिशेने २५ मिमीची चकती काढा. एका कडेकडून फळीच्या रुंद तोंडांना समांतर असे दोन काप घ्या, दुसऱ्या कडेला थोडं लाकूड सलग सोडा आणि मधली पट्टी काढून टाका. उरतो तो दोन दातांचा काटा. दात सरळ राहिले तर फळी निर्धोक. कापताक्षणी आत झुकले तर ताण आहे. खरं उत्तर मात्र दुसऱ्या दिवशी मिळतं : काटा खोलीत ठेवल्यावर दात आणखी आत आले, तर गाभ्यात ओलावाही जास्त होता, कारण दातांची आतली बाजू आता सुकून आखडली. पहिल्या दिवशी बघून निकाल देणारे इथे चुकतात.

उपाय भट्टीतच आहे. सुकवण्याच्या शेवटी आतली हवा इतकी दमट करायची, की तिच्याशी जुळणारा लाकडाचा ओलावा आपल्याला हव्या असलेल्या सरासरीपेक्षा ३ ते ४ टक्क्यांनी वर असेल. कवच थोडं पाणी घेतं, फुगू पाहतं, दाबात नमतं आणि ताण सुटतो. किती तास, ते काट्याच्या चाचणीवरूनच ठरवायचं. अति केलं तर दात बाहेर वळतात आणि ते मात्र दुरुस्त होत नाही.

प्रश्न : दोन पुरवठादारांच्या एकाच जातीच्या लाकडाची वाकवून मोडण्याची चाचणी केली. पहिलं ९५ मेगापास्कलला (एक मेगापास्कल म्हणजे दर चौरस मिमीला एक न्यूटन) मोडलं, दुसरं ८०ला. पहिलं घ्यावं ना?

ओलावा लिहिलेला नाही, म्हणून तुलनाच होत नाही. तुमच्या पत्रात शेवटी सहज आलं आहे की पहिलं ‘भट्टीचं, ९ टक्के’ आणि दुसरं ‘हवेत वाळवलेलं, १५ टक्के’. मग हिशेब करू.

जगभर तुलना १२ टक्क्यांवर करतात. २० अंश तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत लाकूड बराच काळ ठेवलं तर ते याच आकड्याच्या आसपास स्थिरावतं. वाकण्याच्या ताकदीसाठी आयएसओ १३०६१ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेतली दुरुस्ती सोपी आहे : मोजलेला आकडा गुणिले (१ अधिक ०.०४ गुणिले (ओलावा वजा १२)). पहिलं लाकूड : ९५ × ०.८८ = ८३.६. दुसरं : ८० × १.१२ = ८९.६. पारडं फिरलं.

ही दुरुस्ती ९ ते १५ टक्क्यांच्या बाहेर वापरू नका. प्रत्येक गुणधर्माचा दरही वेगळा आहे. ओलावा एक टक्का बदलला तर वाकण्याची ताकद सुमारे ४ टक्क्यांनी बदलते, तंतूंना समांतर दाबाची त्याहून थोडी जास्त, ताठरपणा सुमारे २ टक्क्यांनीच. तरी फरक सहा मेगापास्कलचा आहे आणि नमुने किती होते ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याबद्दल पुढे येतं आहे.

प्रश्न : कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाकवण्याची चाचणी करायची आहे. नमुना केवढा, भार किती, हिशेब कसा? आमचा ताठरपणाचा आकडा पुस्तकातल्यापेक्षा नेहमी कमी का येतो?

छोट्या यंत्रासाठी २० × २० मिमी छेदाचा, ३०० मिमी लांबीचा नमुना सोयीचा. आधारांतलं अंतर २८० मिमी, भार बरोबर मध्ये. मोठ्या यंत्रावर अमेरिकी एएसटीएम डी १४३ पद्धतीचा ५० × ५० × ७६० मिमी नमुना आणि ७१० मिमी अंतर घेतात. दोन्हींत अंतर जाडीच्या सुमारे १४ पट आहे, ते उगाच नाही. अंतर कमी केलं तर तुळई वाकून मोडण्याऐवजी मधोमध आडवी सरकून फाटते.

नमुना निर्दोष हवा : गाठ नाही, चीर नाही, तंतू लांबीला समांतर, टोकाला वार्षिक कडी (खोडाच्या वाढीची वर्तुळं) दोन बाजूंना समांतर दिसणारी. रंधून घेतल्यावर तो २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. घाई इथेच नको, काही आठवडे लागू शकतात. रुंदी आणि जाडी मधोमध व्हर्नियरने ०.१ मिमीपर्यंत मोजा. ‘२० चा आहे’ म्हणून २० लिहू नका. ताकदीच्या सूत्रात जाडीचा वर्ग आणि ताठरपणाच्या सूत्रात घन असतो. १९ मिमी जाडीला २० लिहिलं तर ताकद १० टक्क्यांनी आणि ताठरपणा १४ टक्क्यांनी कमी निघतो.

आधार गोलाकार आणि सरकू शकणारे असावेत, भार देणारं डोकंही गोल असावं. टोकदार डोकं वरचे तंतू कापतं आणि नमुना तिथूनच जातो. डी १४३मध्ये भार गाभ्याच्या बाजूच्या, कड्यांना स्पर्शरेषेत असलेल्या तोंडावर देतात. तुमची पद्धत दुसरी असेल तर हरकत नाही, पण सगळे नमुने एकाच बाजूने ठेवा आणि ती बाजू अहवालात लिहा. वेग असा ठेवा की नमुना दीड मिनिटाच्या आसपास मोडेल. दहापट जलद मोडलात तर ताकद सात-आठ टक्क्यांनी जास्त दिसते.

ताकद : ३ × भार × अंतर, भागिले २ × रुंदी × जाडीचा वर्ग. २० मिमी नमुना १,५०० न्यूटनला मोडला तर ३ × १,५०० × २८० भागिले २ × २० × ४०० = ७८.७५ मेगापास्कल. सागवानाची १२ टक्क्यांवरची ताकद सुमारे १०० मेगापास्कल असते, म्हणजे या मापाला साधारण १,९०० न्यूटन लागतील. यंत्राची भारपट्टी त्या हिशेबाने निवडा.

ताठरपणा, म्हणजे इंजिनिअरिंगवाल्यांच्या तोंडचा ‘ई’ : भारातली वाढ × अंतराचा घन, भागिले ४ × रुंदी × जाडीचा घन × खचण्यातली वाढ. वाढ सरळ रेषेतल्या भागातूनच घ्या, मोडण्याच्या भाराच्या १० ते ४० टक्क्यांमधली चालते.

आता तुमचा खरा प्रश्न. आकडा कमी येण्याचं पहिलं कारण बहुधा हे की तुम्ही खचणं यंत्राच्या सरकत्या डोक्यावरून वाचता. त्यात यंत्राची चौकट दबते, आधाराखाली आणि डोक्याखाली लाकडात खोच पडते, ते सगळं नमुन्याच्या माथी येतं. डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मापक) नमुन्याच्या मधल्या उंचीवर लावा आणि आधारांच्या वरच्या बिंदूंच्या तुलनेत खचणं मोजा. दुसरं कारण लाकडातच आहे. तुळई वाकते तशी थोडी कातरणीनेही, म्हणजे थर एकमेकांवर सरकूनही, खचते आणि १४ पट अंतरावर हा वाटा जवळपास १० टक्के असतो. शुद्ध वाकण्याचा ‘ई’ हवा असेल तर मिळालेल्या आकड्यात १० टक्के मिळवण्याची रीत आहे. पुस्तकातला आकडा दुरुस्त केलेला की न केलेला, ते तपासून मगच तुलना करा.

मोडल्यावर नमुना टाकून देऊ नका. तुटीजवळून २५ मिमी तुकडा कापून लगेच तोला आणि ओव्हनला लावा, चाचणीच्या क्षणाचा ओलावा तोच. तूटही वाचा. खालच्या बाजूने लांब कुसळं निघाली तर लाकूड निरोगी. तूट तिरकी धावली तर तंतूंचा कल होता, तो नमुना सरासरीत घ्यायचा नाही. आणि खडूसारखी सपाट, आवाज करून तुटली तर जुनी कूज, दाबकाष्ठ (कललेल्या झाडात दाबाच्या बाजूला बनणारं ठिसूळ लाकूड) किंवा भट्टीतली अति उष्णता यांचा संशय घ्या, आकडा कितीही चांगला असो.

प्रश्न : यंत्र नाही. कपाटाच्या फळ्या न मोडता त्यांतली ताठ कोणती हे कळेल?

कळेल, आणि बऱ्यापैकी अचूक. २०० मिमी रुंद, २० मिमी जाड फळी एक मीटर अंतरावरच्या दोन गोल नळ्यांवर ठेवा. मधोमध डायल गेज. आधी एखादं किलो ठेवून फळी बसू द्या, गेज शून्य करा, मग १० किलो ठेवा. खचणं १.५ मिमीच्या आसपास आलं तर ‘ई’ सुमारे १०,००० मेगापास्कल. २ मिमी आलं तर ७,७००. वाचन पाच-दहा सेकंदांत घ्या, कारण लाकूड भाराखाली हळूहळू खचतच राहतं. पीळ पडलेली फळी डुगडुगते आणि तिचं वाचन निरर्थक असतं.

दुसरा मार्ग आवाजाचा. फळी मध्यावर एकाच मऊ आधारावर तोलून ठेवा, एका टोकाच्या छेदावर छोट्या हातोडीने टिचकी मारा, दुसऱ्या टोकाशी फोन धरून त्यातल्या वारंवारता दाखवणाऱ्या ॲपवर पहिला मोठा सुळका बघा. वेग = २ × लांबी × वारंवारता, आणि ‘ई’ = घनता × वेगाचा वर्ग. दोन मीटर फळी १,२०० हर्ट्झला वाजली तर वेग ४,८०० मीटर प्रति सेकंद, आणि घनता घनमीटरला ६०० किलो असेल तर ‘ई’ १३.८ गिगापास्कल. हा आकडा वाकवून काढलेल्यापेक्षा थोडा चढाच येतो. फळ्यांची प्रतवारी लावायला उत्तम, पण गाठीपाशी फळी मोडेल का, हे आवाज सांगत नाही.

प्रश्न : दाबाच्या चाचणीत आमचे नमुने मधून न चिरडता टोकांना फुलतात, केरसुणीसारखे.

टोकं ओली आहेत किंवा नीट कापलेली नाहीत. २० × २० × ६० मिमी नमुन्याची दोन्ही तोंडं समांतर आणि अक्षाला काटकोनात हवीत. बारीक दाताच्या टेबल करवतीवर कापा, हातकरवतीवर नको. एका बाजूला गोलाकार बैठकीची प्लेट लावा, म्हणजे उरलेला थोडा तिरकेपणा ती सामावून घेते. टोकांना फुललेले नमुने निकालातून वगळा.

प्रश्न : लाकडाची कठीणता मोजणाऱ्या जांका चाचणीतला गोळा ११.२८ मिमीचाच का?

गोळा अर्धा आत गेला की खड्ड्याचं वरून दिसणारं क्षेत्र बरोबर १ चौरस सेंटिमीटर भरतं, म्हणून. गोळा ५.६४ मिमी खोल जाईपर्यंत लागलेला भार म्हणजे कठीणता. ऑस्ट्रियन गॅब्रिएल जांका यांच्या नावाने ती ओळखली जाते. सागवानाचा आकडा ४,५०० न्यूटनच्या आसपास असतो. नमुना ५० मिमी जाड हवा. पातळ फळीवर मोजलं तर खालची प्लेट आकडा वाढवते, आणि कडेजवळ मोजलं तर लाकूड चिरून तो कमी येतो.

प्रश्न : नमुने किती घ्यावेत? तीन पुरतात का?

नाही. एकाच जातीच्या निर्दोष नमुन्यांतही वाकण्याच्या ताकदीचा विखुरलेपणा सरासरीच्या सुमारे १६ टक्के असतो, ताठरपणाचा २२. सरासरी ५ टक्क्यांच्या आत हवी असेल तर ताकदीसाठी सुमारे ४० नमुने लागतात. १० टक्क्यांवर समाधान असेल तर दहा. आणि ते एकाच फळीतले नकोत. एका फळीचे दहा नमुने ही माहिती त्या फळीची, त्या लाकडाची नव्हे. ९५ आणि ८०वाल्या वाचकांनी हे वाचावं.

प्रश्न : छोट्या नमुन्याची ताकद १०० मेगापास्कल आली. छताची तुळई या आकड्यावर बेतू का?

अजिबात नको. हा आकडा निर्दोष लाकडाचा, दीड मिनिटाच्या भाराचा आहे. दहा वर्षं टिकून राहणाऱ्या भारासाठी लाकूड त्याच्या सुमारे ६० टक्केच पेलतं. गाठी, मोठं आकारमान आणि सुरक्षेची सूट हे त्यावर आणखी कपात करतात, आणि त्यासाठी तुळईची प्रतवारी करून बांधकामाच्या मानकातले ताण वापरायचे असतात.

त्या प्रतवारीत सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे तंतूंचा कल. २०त १ असा कल असला, म्हणजे २० सेंमी लांबीत तंतू १ सेंमी बाजूला सरकले, तर वाकण्याची ताकद ७ टक्क्यांनी घटते, १०त १ला १९ टक्क्यांनी, आणि ५त १ला ४५ टक्क्यांनी. धक्क्याची ताकद तर १०त १लाच ३८ टक्क्यांनी खाली येते, म्हणून हातोड्याच्या दांड्यासाठी हे आधी बघावं. फळीच्या तोंडावरच्या सुंदर नक्षीवरून कल ठरवू नका, ती वार्षिक कड्यांची असते. सुकताना पडलेल्या बारीक चिरा तंतूंच्या दिशेने जातात, त्या बघा, किंवा फिरत्या दांड्याला बसवलेली बोथट सुई दाबून ओढा, ती तंतू धरून चालते. शेजारशेजारच्या दोन्ही बाजू मोजा, दोन्ही कलांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. एका बाजूला १२त १ आणि दुसरीला १६त १ असेल, तर खरा कल ९.६त १ निघतो. १०त १ ही मर्यादा ठरवली असेल तर ही तुळई नापास, जरी दोन्ही बाजूंनी ती पास दिसत होती.